दोन चुलींचं घर विकणे आहे

६ जानेवारी, मांद्रे

घर विकायचं ठरलं. ठरवलं मी, आणि आज सकाळी देवकीला सांगितलं. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून घडेल तसं लिहून ठेवणार आहे. पंचायत सचिव म्हणून पेडण्यापासून डिचोलीपर्यंत बदल्या भोगल्या. तोंडी कारभारावर माझा विश्वास नाही.

घर चांगलं आहे. माझे यजमान दत्ताराम आणि त्यांचे धाकटे भाऊ कृष्णनाथ या दोघांनी मिळून बांधलं. चारही बाजूंनी मोकळं, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, मागे विहीर, माडांच्या पलीकडे समुद्र. दोघे भाऊ गेले. राहिलो आम्ही जावा, मी थोरली, देवकी धाकटी. आमच्या गोव्याच्या कायद्याने बायको निम्म्याची धनीण, तेव्हा देवकीच्या सहीशिवाय एक चिरा हलणार नाही. मुलांच्या सह्यांची अडचण नाही. दोघंही पेन उघडून बसली आहेत.

दिवाळीत विहिरीवर माझा पाय घसरला तेव्हापासून गौरवी रोज फोनवर रडते, “आई, पर्वरीला ये, खोली तयार आहे.” देवकीच्या रुद्रेशला डिचोलीत मुलगी झाली, त्याच्या बायकोची, पल्लवीची, नोकरी, त्यांनाही माणूस हवंच आहे. म्हणजे मी पर्वरीला, ती डिचोलीला. सगळ्यांची सोय.

देवकीला हे नीट क्रमाने समजावलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “वीक. माका कित्याक विचारतंस?”

“अर्धा तुझा आसा म्हणान.”

“मगे माझा अर्धा हयच ठेव आनि तुझा वीक.”

हिला व्यवहार कधी कळला नाही.

११ जानेवारी

प्रज्योत आला. गावातलाच पोरगा, आता घरं विकून देतो, पांढरी गाडी आहे. फोटो काढायला बाल्कांवात उभा राहिला तर समोर देवकीने सुकटं वाळत घातलेली. अगदी आजच, अगदी तिथेच. मी म्हटलं उचल. म्हणाली, “ऊन हयच येता.” तीस वर्षं ऊन मागच्या दारी येत होतं.

आत गेल्यावर त्याने विचारलं, “सेक्रेटरीबाई, ही दोन किचनां कित्याक?”

कारण आम्ही दोघी वेगळ्या शिजवतो. दोघे भाऊ असतानाच भांडण झालं आणि मधे भिंत घातली. भांडण कशावरून झालं ते लिहिलं असतं, पण आठवत नाही. चूक तिची होती हे पक्कं आठवतं.

भिंत घातली त्या दिवशी तिची एक वाटी माझ्याकडे राहिली होती. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून मी लोणचं घालून दिली. तिने त्याच वाटीतून मुगागाठी पाठवली. मग मला काहीतरी घालावंच लागलं. ती वाटी अजून ये-जा करते. याचा अर्थ भांडण मिटलं असा कुणी घेऊ नये. रीत ती रीत.

प्रज्योत म्हणाला, भिंत पाडली तर घर मोठं दिसेल. मी होकार देणार तोच पलीकडून आवाज आला, “भितीक हात लायलो तर हात मोडतंय.” गंमत म्हणजे भिंत घातली तेव्हा तीच रडली होती.

१९ जानेवारी

दिल्लीचं एक जोडपं घर बघून गेलं. साधी माणसं वाटली. बाईंनी चपला बाहेर काढल्या, त्यालाही मी गुण दिले.

मी सगळं खरं सांगितलं. खाऱ्या वाऱ्याने पंखे गंजतात. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. हंगामात किनाऱ्यावरच्या शॅकमधलं संगीत थेट उशीपर्यंत येतं. मागच्या खोलीत दोन ठिकाणी गळतं. तिसरी जागा मला संशयाची वाटते, तीही दाखवली.

प्रज्योतने मला बाजूला घेतलं. “सेक्रेटरीबाई, तुमका घर विकपाचा आसा काय पंचनामो करपाचो आसा?”

घेणाऱ्याला अंधारात ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

मग देवकी आली, न बोलावता. बाईंना हाताला धरून माडाखाली नेलं आणि आपल्या हिंदीत सांगितलं की इथे जागा राखणारा देव, राखणदार आहे, तो रात्री काठी आपटत फिरतो, वर्षाला रोटाचा नैवेद्य दिला नाही तर रागावतो. तिला वाटलं असावं की त्या घाबरतील. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि त्याला राखणदार पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. देवकीला सांगावा लागला.

२० जानेवारी

दिल्लीकरांचा होकार आला. आम्हाला हवं तसं. घर पाडणार नाहीत, रोटसुद्धा देणार आहेत.

दुपारी जेवण गेलं नाही. छातीपासून पोटापर्यंत काहीतरी जड. कालचे तिसरे, म्हणजे शिंपले, बाधले असावेत. पण देवकीनेही तेच खाल्ले, माझ्याकडूनच गेले होते, आणि तिलाही आज पेज उतरेना म्हणे. तिसरेच. कोळणीला बोललं पाहिजे.

२८ जानेवारी

सहीला देवकी तयार नाही. तसं म्हणत नाही. आधी म्हणाली हात दुखतो. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने नारळ सोलताना दिसली. मग म्हणाली अमावास्या होऊ दे. आज खरं बाहेर आलं: देवीचा प्रसाद घेतल्याशिवाय ती सही करणार नाही.

प्रसाद म्हणजे देवळात गुरव मूर्तीला भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या लावतो आणि आपलं गाऱ्हाणं देवीपुढे मांडतो. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. गावातले लोक यावर लग्नं ठरवतात, खटले मागे घेतात. मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे. ओलं फूल सुकलं की पडतं, एवढंच त्यातलं मला माहीत.

“आनि डावी पडली तर?” मी विचारलं.

“मगे विकूंचा नाय,” देवकी म्हणाली. चेहरा असा की डावी पडलेलीच आहे.

म्हटलं, ठीक. एका फुलासाठी वाद नको. मात्र प्रश्न मी सांगेन. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं. कार्यालयात आयुष्य गेलं माझं.

२ फेब्रुवारी

सकाळी आंघोळी करून दोघी देवळात गेलो. देवकीने नवं लुगडं नेसलं होतं. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी सांगितलेले शब्द जसेच्या तसे: हे घर विकायला तुझी मान्यता आहे की नाही, ते दाखव.

देवकीने डोळे मिटून हात जोडले. कधी कधी घटकाभर बसावं लागतं म्हणतात. गुरवाचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली.

गुरव खूश. “देवीन हांसत हांसत दिल्यान!”

देवकी वाटेत बोलली. “पाकळी नीट लायली नाय तेणां. हात थरथरता हल्ली त्याचो.”

“तू मानतंस ना गे?”

“देवीक मानतंय. गुरवाक खंय मानतंय?”

मला हसू आलं पाहिजे होतं. आलं नाही. चालता चालता मनात आलं, देवीलाही एवढी घाई नको होती. निदान विचार केल्यासारखं दाखवायचं. मग स्वतःचाच राग आला. मानत नाही तर रुसायचं कशाला?

५ फेब्रुवारी

देवकी सही करणार. शब्द दिला आहे, आता मोडणार नाही. भांडी बांधायला लागली आहे. दोन दिवस पलीकडून भांडण नाही, खोकणं नाही, रेडिओ नाही. माझं वाचन चांगलं व्हायला हवं होतं. एकच पान तीनदा वाचलं.

९ फेब्रुवारी

देवकीची लुडबूड हाताबाहेर गेली आहे. विहिरीवर उभं राहून ती माझ्याच मुलीला फोन करत होती. मला ऐकू येत नाही अशी तिची समजूत. खरं तर तिलाच कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडते.

“गौरवी, आयक. तिका सांजची चाय दिव नको, मगे न्हीद येना आनि सकाळी सगळ्यांका कायदो शिकयता. गुडघ्याक तेल लावूंक सांगूंचा नाय, बाटली फकत बाजूक ठेवूंची. मगे ती आपणच लायता. आनि जेवणाक चांगला म्हणणा नाय ती. पण वाडलेला सपयता, तां बघूंचा. आनि माझा नाव घेव नको हां, नायतर तेलाची बाटली भायर उडयत.”

हिला कुणी विचारलं होतं? मी काय लहान मूल आहे?

संध्याकाळी पल्लवीला फोन केला. कामाचा. देवकी रक्तदाबाची गोळी जिभेखाली लपवते आणि नंतर तुळशीत टाकते. समोर उभं राहून पाणी प्यायला लावायचं. गर्दीत तिला घाबरायला होतं, ते ती सांगत नाही, फक्त पदर मुठीत धरते. तसं दिसलं की घरी आणायचं. सोमवारी तिला एकटीला जेवायला बसवायचं नाही, कारण कृष्णनाथ सोमवारी गेले. पल्लवी म्हणाली, “थांबा काकी, लिहून घेते.” मुलगी शिस्तीची आहे. म्हटलं, माझं नाव सांगू नकोस, उगाच तिला वाटेल मला काळजी आहे.

हस्तांतर करताना पूर्ण माहिती द्यावी लागते, एवढाच त्यात भाग.

१२ फेब्रुवारी

देवळाची वर्गणी द्यायची राहिली होती, म्हणून गेले. म्हणजे, दिली होती. पुन्हा दिली.

गुरव एकटाच होता. सहज विचारलं, एकाच गोष्टीचा प्रसाद दोनदा लावतात का. तो म्हणाला, “ना बाय. देवीन एकदा सांगल्यान तां सांगल्यान.”

“आणि प्रश्न वेगळा असला तर?”

“मगे जाता. प्रश्न खंयचो?”

मी सांगायला तोंड उघडलं. पंचायतीत मी शेकडो ठराव तोंडी सांगितले आहेत, कधी अडले नाही. आज वाक्य सुरूच होईना. म्हणून मुद्द्याने सांगितलं: घर विकायला देवीने मान्यता दिली, पण त्या घरातल्या दोन माणसांनी दोन ठिकाणी जायला तिची मान्यता आहे की नाही, हे आपण विचारलंच नव्हतं. दोन वेगळ्या बाबी एकात घातल्या गेल्या. प्रश्न मीच घातला होता, तेव्हा चूक माझ्या मसुद्याची.

गुरवाने हातातलं तबक खाली ठेवलं. मग म्हणाला, “बाय, प्रश्न दोगांचो. मगे दोगांनी येवंक जाय. एकट्याचा गाऱ्हाणा देवी घेणा नाय.”

“तिला आणायला हवं?”

“आणूंक जाय, आनि प्रश्न काय तो तिका आदीं सांगूंक जाय. नायतर ती हात कित्याक जोडतली?”

उन्हात तशीच परत आले. या देवळाचे नियम कुणी केले कोण जाणे. पण नियम आहे खरा.

१३ फेब्रुवारी

सांगितलं नाही. वेळ मिळाला नाही. दिवसभर मोकळीच होते.

१४ फेब्रुवारी

आज तिच्या दारी गेले. वाटी न घेता. ती आडाळ्यावर नारळ खवणत होती.

“देवळात जावंक जाय,” मी म्हटलं. “आनि एक प्रश्न आसा.”

“कसलो?”

“तू डिचोलीक, मी पर्वरीक, ह्याचो. दोगांनी दोनकडे रवूंचा काय एकाकडे, ह्याचो.”

ती खवणतच राहिली. पांढरं संपलं, करवंटीचं काळं पडायला लागलं तरी थांबेना. मी म्हटलं, “देवकी, खोबरा काळा जाता.”

“हो प्रश्न तू देवीक विचारतलंस?”

“दोगां लागतत, असो नियम आसा. म्हणान सांगूंक इलंय.”

“आनि देवीक दुसरी कामां नाय?” तिने करवंटी खाली आपटली. “तुझ्या-माझ्या मदीं एक भिंत आसा. त्या भितीपलतडी मी बसलंय इतकी वर्सां. आनि तू देवीक विचारूंक इतक्या लांब चलत जातंस, त्या दुखऱ्या पायान? माका विचार.”

“विचारलंय तर काय सांगतलंस?”

“उत्तर आदीं मेळता काय खंय? विचार मगे सांगतंय.”

मी दारातच उभी राहिले. समोरचे माड माझ्याकडे बघत होते, म्हणजे तसं वाटलं. शेवटी विचारलं. एका वाक्यात, पुढेमागे काही न जोडता. “देवकी, माझ्यावांगडा रवतलंस?”

तिने पदराने तोंड पुसलं. खोबऱ्याचा कीस गालाला लागला, तो तसाच राहिला.

“नायतर तुका सोसतलो कोण?” ती म्हणाली. आणि लगेच, “पण ह्या घरांत नाय हां. देवीन विकूंक सांगल्यान. मी देवीच्या शब्दाभायर जावंचंय नाय. आनि त्या दिल्लीच्या बायक मी राखणदार दिलंय.”

म्हणजे घर विकायचंच. मला वाटलं होतं ती विकू नको म्हणेल. मला काय वाटत होतं ते मलाच नीट माहीत नाही. पण घर विकायचं म्हटल्यावर छातीतलं जड आज काही जाणवलं नाही. तिसरे उतरले असावेत.

१६ फेब्रुवारी

मुलांना बोलावून सांगितलं. गौरवी म्हणाली, “आई, तुम्ही दोघी? एका घरात? तुम्ही तर एकमेकींचं मीठसुद्धा वापरत नाही!” मी म्हटलं, हा निर्णय झालेला आहे, चर्चेला ठेवलेला नाही.

रुद्रेशने बाळाचं काढलं. ते बरोबर होतं, मी मान्य केलं. देवकी म्हणाली, “सकाळी कामार जाताना हाडून सोड, सांजचा व्हर. माका दोन म्हाताऱ्यांपेक्षा एक बाळ सांबाळूंक सोपा.”

“दोन म्हाताऱ्यो कोण?” मी विचारलं.

“एक तू. दुसरी तू कायदो बोलतंस ती.”

पोरं हसली. मी हसले नाही, पण मुद्दा नोंदवून ठेवते.

७ मार्च

पेडण्याला जाऊन सह्या झाल्या. देवकीने प्रत्येक पानावर मला विचारून सही केली आणि प्रत्येक वेळी “वाचलंय मी” असं मोठ्याने सांगितलं. गर्दी होती. मधेच तिने पदर मुठीत धरला. मी तिचा हात धरून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले, वारा चांगला होता म्हणून.

दिल्लीच्या बाईंनी मला विचारलं, घर सोडताना वाईट वाटत नाही का. मी सांगितलं की मागच्या खोलीतली ती तिसरी जागा गळतेच, खात्री करून घेतली आहे.

१८ मे, हळर्ण

खूप दिवस लिहिलं नाही. कामं होती.

विक्रीच्या पैशातून दोघींनी डिचोलीच्या बाजूला घेतलेलं हे घर लहान आहे. समुद्र नाही, शेत आहे आणि उतरून गेलं की नदी. पंखे गंजणार नाहीत. बाळ सकाळी येतं. देवकी त्याला न्हाऊ घालते, मी वाचून दाखवते. ते वाचताना झोपतं. देवकी म्हणते, शहाणं आहे.

एकच स्वयंपाकघर. वरच्या फळीवर कुणाचे डबे, यावर पहिल्या आठवड्यात दोनदा आवाज चढले. मसाले कुणाचे, हे ठरलेलं नाही. तिरफळं कधी घालायची यावर तिचं मत चुकीचं आहे आणि ती ते बदलणार नाही. नदीची मासळी कशी करायची हे दोघींनाही येत नाही, फक्त तिला ते कबूल नाही.

आज दुपारी तिने नदीच्या माशांचं हुमण केलं. बाळ निजलं होतं. ती समोर बसून मी पहिला घास घेते का बघत होती. न बघितल्यासारखं.

“आंबट झाला,” मी म्हटलं.

“जास्त?”

“जास्त.”

तिने डाव उचलला. “आनि वाडूं?”

म्हटलं, “वाड.”